एक्स-रेच्या पाकिटातलं कोल्हापूर

आईच्या गुडघ्याचे एक्स-रे काढले तेव्हा मिळालेलं मोठं खाकी पाकीट मी जपून ठेवलं होतं. आठ बाय बारा इंचाचे फोटो त्यात न दुमडता बसतात. २०२५च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत ते पाकीट काखेत धरून मी कोल्हापूरभर फिरले. डिसेंबरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात माझ्या फोटोंचं पहिलं प्रदर्शन लागायचं होतं आणि त्यासाठी मी एकच नियम केला होता. ज्या फोटोत माणूस आहे, तो फोटो आधी त्या माणसाच्या हातात द्यायचा. "भिंतीवर लावू का?" असं तोंडावर विचारायचं. हो म्हणाला तर लावायचा, नाही म्हणाला तर नाही.

माणसं सापडतील की नाही, एवढीच मला काळजी होती. पण प्रत्यक्षात झालं वेगळंच. बहुतेक माणसं सापडली, आणि प्रत्येकानं माझ्या फोटोत मला कधी न दिसलेलं काहीतरी पाहिलं. नऊ वर्षं जे फोटो मी माझे समजत होते, त्यांच्यात नेमकं काय आहे ते मला त्या चार महिन्यांत कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे. साडेनऊ ते सहा नोटा मोजायच्या. त्यामुळे फोटोसाठी पहाटेचे दोन-अडीच तास, रविवार आणि सणवार एवढाच वेळ हाती असतो. कॅमेरा २०१६मध्ये घेतला, एका लग्नाच्या फोटोग्राफरनं वापरलेला निकॉन. त्याच्याबरोबर ३५ मिलिमीटरची एकच लेन्स. तिला झूम नाही. जवळचा फोटो हवा असेल तर स्वतः चालत जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की बोलावं लागतं. या लेन्सचे माझ्यावर फार उपकार आहेत.

राहायला मंगळवार पेठेत. शाळेत असताना खरी कॉर्नरवरून जायचा रस्ता होता. तिथं कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात, इथल्याच कारागिरीनं सिनेमाचा कॅमेरा तयार केला, त्याची ती आठवण. चौकाचौकांत पुतळे असतात, पण कॅमेऱ्याचं स्मारक असलेल्या गावात मी वाढले याचा मला लहानपणापासून अभिमान आहे. तरी स्वतःचा कॅमेरा हातात यायला वयाची बेचाळीस वर्षं उलटली.

निवडीबद्दल फार लिहीत नाही. हार्ड डिस्कवर साडेअकरा हजारांच्या आसपास फोटो होते. त्यातले एकोणीसशे नुसते रंकाळ्याचे. कोल्हापूरच्या माणसाला रंकाळ्यावरचा सूर्यास्त टाळता येत नाही, पण तो सगळ्यांनीच पाहिलेला असतो. म्हणून सूर्यास्त सगळे काढून टाकले आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर उघडा पडलेला संध्यामठ, तळ्यातला जुना दगडी मंडप, तेवढा एक ठेवला. उरलेल्यांतले दोनशे फोटो पोस्टकार्डाएवढे छापून घेतले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडले. हे करायला हवंच. संगणकाचा पडदा मागून उजळलेला असतो, त्यावर अंधारातलंही सगळं दिसतं. कागदावर तोच फोटो चिखल होतो. पडद्यावर माझे सगळ्यांत लाडके असलेले काही फोटो त्या फरशीवर टिकले नाहीत. आठवडाभर रोज सकाळी चहा पिताना काही उचलत गेले. शेवटी चोवीस राहिले. चौदांमध्ये माणसं होती.

पहिल्यांदा तालमीत गेले, कारण तिथला पत्ता पक्का होता.

पेठेतलीच तालीम. २०१८च्या थंडीत पहाटे साडेपाचला मी तिच्या दारात उभी होते. बाईनं हौद्याजवळ, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याजवळ, जायची रीत नाही. वस्तादांनी ते शांतपणे सांगितलं आणि वर म्हणाले, "दारातनं काय दिसंल ते काढा, कुणी आडवणार न्हाई." आत एकच बल्ब आणि एक उंच खिडकी. एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा फावड्यानं हौद्याची माती खणत होता. तालमीतली ही लाल माती नुसती माती नसते. हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर असं काय काय घालून ती मऊ करतात आणि रोज खणून मोकळी करतात. खिडकीतून उजेड यायला लागला तसा उडालेल्या धुळीचा एक तिरपा पट्टा तयार झाला आणि मुलगा त्या पट्ट्यात आला. कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद वाढवलेली (आयएसओ ३२००), लेन्स पूर्ण उघडी, शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापुरतं. दाराची काळी चौकट फोटोच्या तिन्ही बाजूंनी आली. आत जायला मिळालं असतं तर ही चौकट आलीच नसती.

सात वर्षांनी फोटो घेऊन गेले तेव्हा तेच वस्ताद बाहेर कट्ट्यावर बसले होते. केस पांढरे झालेले, मान तशीच ताठ. फोटो त्यांनी हातभर लांब धरला. मी मनात धरून होते की आता ते उजेडाबद्दल बोलतील.

"डावा पाय बघा ह्याचा," ते म्हणाले.

मी पाहिलं. पाय मातीत होता, टाच थोडी उचललेली.

"टाच उचलून खणालाय. असं खणलं की सगळा भार कमरंवर येतो. हेच त्याला कुस्तीत बी नडायचं. मी रोज वरडायचो." मग त्यांनी फोटो आत जोर मारणाऱ्या पोरांकडे वळवला आणि ओरडले, "इकडं या रं सगळी! बघा, पाय असा टाकायचा न्हाई!"

नऊ-दहा पोरं घामानं निथळत भोवती जमली. माझा लाडका उजेड त्यांच्यातल्या एकाच्याही नजरेत आला नाही. सगळे टाच बघत होते. तो मुलगा पुढं गुडघा दुखावून गावी गेल्याचं वस्तादांकडून कळलं. त्यांनी नंबर दिला. मी फोन केला, तो आता सांगोल्याकडं ट्रॅक्टर चालवतो. "लावा की म्याडम," म्हणाला. आणि थोडं थांबून, "वस्ताद काय म्हणाले फोटो बघून?" मी खरं ते सांगितलं. तो इतका वेळ हसत होता की मलाही हसू आवरेना. त्याला दोन प्रती टपालानं पाठवल्या, एक त्याच्या आईसाठी.

सुभाषनगरातला फोटो मला अगदी पक्का वाटत होता. चप्पल करणारे काका, मांडीवर तळ, एका हातात आरी, दुसऱ्यात चामड्याची वादी. आपल्या चपलेत खिळा नसतो, वादीनंच शिवण घालतात. तो वादी ओढण्याचा क्षण मला नेमका सापडला होता. हातावरच्या शिरा दिसतात. काकांना फोटो दिला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि घरात हाक मारली, "अगं, बाहेर ये. तुझं काम आलंय फोटोत."

काकू पदराला हात पुसत आल्या. काकांच्या गुडघ्याजवळ एक तयार जोडी ठेवलेली होती, फोटोत अगदी कडेला. त्या जोडीवरची वेणी काकूंची होती. चामड्याच्या बारीक पट्ट्यांची ती वेणी, जिच्यामुळे कोल्हापुरी चप्पल लांबूनही ओळखू येते, ती बहुतेक घरांत बायकाच घालतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, तरी माझा कॅमेरा काकांवर होता.

घरी येऊन मूळ फाइल उघडली. मी फोटो कापून चौकोनी केला होता. न कापलेल्या फाइलमध्ये डावीकडे काकूंचे दोन्ही हात होते, वेणी घालत असलेले, थोडे धूसर. 'कडेला उगाच काहीतरी आलंय' म्हणून मीच ते काढून टाकले होते. २०१९मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं गावात मोठं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण वेणी घालणाऱ्या हातांना कौतुकाच्या फोटोत जागा नसते आणि त्या दिवशी ती जागा काढून घेणारी मी होते. प्रदर्शनात मी पूर्ण फोटो लावला. रचना म्हणून तो पहिल्यापेक्षा कमी बांधीव आहे. मला तोच हवा.

आता कुंभार गल्ली.

२०१९च्या ऑगस्टमधला महापूर कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, गावात पेट्रोल नाही, आणि पाणी उपसणारी केंद्रंच बुडाल्यामुळे नळाला पाणी नाही. सगळीकडे पाणी आणि प्यायला टँकरची रांग. पूर ओसरल्यावर आमच्या पतसंस्थेतले आम्ही काहीजण खातेदारांच्या घरी चटया-भांडी पोचवायला निघालो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत एक वहिनी आहेत. मी त्यांना दर महिन्याला काउंटरच्या काचेतून बघत आले होते, घरी कधी गेले नव्हते.

गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. म्हणजे हंगाम ऐन भरात असताना पाणी आलं. शाडूच्या मूर्ती विरघळून ढिगारे झाले होते. प्लॅस्टरच्या उभ्या होत्या, पण रंग ओघळलेले, पीतांबराचा पिवळा पायांवरून खाली आलेला. मी कॅमेरा नेला होता आणि पिशवीतून बाहेर काढला नाही. वहिनी एका कोपऱ्यात बसून लग्नाचा अल्बम उघडायचा प्रयत्न करत होत्या. पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी एक फोटो ओढला आणि अर्धा चेहरा दुसऱ्या पानावर राहिला.

मला यातलं थोडं माहीत होतं. कागदावरचे जुने रंगीत फोटो भिजले की त्यांच्यावरचा जिलेटीनचा थर मऊ होतो. तसेच वाळू दिले तर ते एकमेकांना कायमचे चिकटतात. ओले आहेत तोवरच स्वच्छ गार पाण्यात सोडायचे, आपोआप सुटे व्हायची वाट पाहायची, पुसायचं नाही, आणि एका कोपऱ्याला चिमटा लावून टांगायचे. हे मी त्यांना सांगितलं आणि सांगता सांगताच लक्षात आलं की मी कुठल्या गल्लीत, कुठल्या दिवशी स्वच्छ पाणी मागते आहे.

त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "प्यायचं पाणी हाय ते."

वहिनी उठल्या. टँकरचं आणलेलं अर्धी घागर पाणी त्यांनी प्लॅस्टिकच्या टबात ओतलं. "माझ्या वाटणीचं हाय," एवढंच म्हणाल्या.

दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी त्या टबाशेजारी बसलो होतो. एका वेळी दोन पानं. पाण्यात सोडायची, हलवायची नाहीत, थांबायचं. पाणी गढूळलं तरी टाकायचं नाही, कारण दुसरं नव्हतं. मधेच एखादा फोटो स्वतःहून सुटा होऊन वर यायचा. एकतीस फोटो वाचले. मूर्ती वाळवायच्या खोलीत दोरी बांधली आणि साडीच्या पिना नि कपड्यांचे चिमटे लावून ते टांगले. मागं रंग ओघळलेल्या गणपतींची रांग, पुढं लग्नातली वऱ्हाडी मंडळी. तेव्हा वहिनी स्वतःच म्हणाल्या, "म्याडम, कॅमेरा आणलाईसा न्हवं? काढा आता एक."

तो फोटो. सहा वर्षं मी त्याला 'गणपती आणि दोरी' म्हणत आले.

२०२५च्या सप्टेंबरात, विसर्जन उरकून गल्ली मोकळी झाल्यावर, तो घेऊन गेले. सासूबाई आता नाहीत. वहिनींनी मला बसायला पाट दिला, फोटो मांडीवर घेतला आणि बोटानं दोरीवरचे फोटो मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. पाचव्यावर बोट थांबलं.

"हे दादा," त्या म्हणाल्या. वडील. कन्यादानाच्या वेळचे.

मग सांगितलं. वाचवलेले ते एकतीस फोटो त्यांनी माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी माळ्यापर्यंत चढलं नाही, पण महिनाभर घर दमट राहिलं आणि डबा उघडला तेव्हा सगळ्या फोटोंवर बुरशीची काळी नक्षी. दादांचा दुसरा फोटो घरात नव्हता. गावाकडं भावाकडे एक होता तो आधार कार्डासाठी काढलेला, ओळखू न येणारा.

मी त्यांना कसलाही शब्द दिला नाही. घरी येऊन मूळ रॉ फाइल उघडली. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो आडवा सहा हजार ठिपक्यांचा असतो. त्यात दोरीवरचा पाचवा फोटो जेमतेम पाचशे ठिपके रुंद होता, किंचित तिरका टांगलेला, वरच्या कोपऱ्यात निळा चिमटा. सरळ केला. पुराच्या पाण्याचा पिवळेपणा थोडा कमी केला, पूर्ण काढला नाही, कारण तो काढायला गेलं की त्वचेचा रंगही जात होता. चेहरा नीट करणारी यंत्रं आता फोनातही असतात. ती वापरून पाहिली आणि लगेच पुसलं. ती नाक-डोळे रेखीव करतात, पण ते दुसऱ्याच कुणाचे तरी असतात. जेवढे ठिपके होते तेवढ्यावरच थांबले. दोन इंच रुंदीला चेहरा स्वच्छ येतो, त्याहून मोठं केलं की फुटतो. म्हणून दोन इंचाचाच छापला, चांगल्या जाड कागदावर.

वहिनी तो तळहातावर ठेवून बराच वेळ बसल्या. निळा चिमटा मी कापला नव्हता. तो बघून म्हणाल्या, "हा चिमटा अजून हाय घरात."

मोठा फोटो भिंतीवर लावायला त्यांनी परवानगी दिली. "खाली माझं नाव नगं. कुंभार गल्ली लिवा."

त्यानंतर काही दिवस मी पाकीट उचललं नाही. मग ऑक्टोबरात गंगावेशीत गेले.

गंगावेशीचा दूध कट्टा कोल्हापूरला नवीन नाही. संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला येऊन उभ्या राहतात, समोर धार काढली जाते, आणि फेसाळलेला पेला तिथंच उभ्यानं संपवायचा. पंढरपुरी म्हैस या कामाला सोशिक. तलवारीसारखी लांब शिंगं आणि रहदारीतही न बिथरणारा स्वभाव. पण माझा फोटो कट्ट्यावरचा नव्हता, २०२२च्या दिवाळी पाडव्याचा होता. पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा सण असतो. शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, अंगावर नक्षी काढतात, आणि मालक मोटारसायकल रेस करत पुढं जातो, त्याच्या मागं म्हैस धावते. आवाजानं कान बधिर होतात. गर्दीत मला जागा मिळाली ती अगदी रस्त्याच्या कडेला, गुडघ्यावर बसून. मालक मागं वळून हाक मारतोय, म्हशीचे पुढचे दोन्ही पाय हवेत, शिंगांवरची पिसं मागं उडालेली. मला तो मालकाचा फोटो वाटायचा. पस्तिशीतला गडी, डोक्याला फेटा, तोंडभर हाक.

कट्ट्यावर दोन-तीन जणांना दाखवल्यावर ओळख पटली. ते धार काढत होते. चरवी बाजूला ठेवून, हात धुऊन, मग फोटो घेतला.

"हरणी!" ते म्हणाले. स्वतःकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"कुठाय आता ती?"

"इकली ताई. दोन वर्सं झाली. बहिणीचं लगीन होतं." आणि मग शेजारच्याला दाखवत, "शिंग बघ. असं शिंग पुन्हा गावलं न्हाई. हाकंला वळायची, दोन पायांवर उभी राहायची. बाकीच्यांना शिकवायला लागतं, हिला न्हाई शिकवलं."

मी प्रदर्शनाचं विचारलं. "लावा," म्हणाले. आठ बाय बाराची प्रत त्यांनी शर्टाच्या आत, पोटाशी सरकवली, दुधाचे हात लागू नयेत म्हणून. मला पेलाभर दूध दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

केशवराव भोसले नाट्यगृहाचा फोटो मी एरवी निवडलाच नसता. शाहू महाराजांच्या काळात, १९१५मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं हे नाट्यगृह आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आग लागली तेव्हा आमच्या गच्चीवरून आभाळ तांबडं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री मी कॅमेरा घेऊन खाली गेले आणि एकही फोटो न काढता परत आले. माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. त्यांच्याकडं कॅमेरा रोखायचं मला धाडस झालं नाही, आणि झालं नाही याचं मला आजही बरं वाटतं. त्याऐवजी रात्रभर हार्ड डिस्क चाळली. २०१७मधल्या एका रविवारच्या दुपारचे चार फोटो निघाले. रिकाम्या खुर्च्या, आणि रंगमंचावर ओणवं बसून नेपथ्याचा पाट ठोकणारा एक माणूस. प्रकाश ठीकठाक, फोटो साधा. आग लागली नसती तर फरशीवरच्या दोनशेंत तो कधी आला नसता.

त्यांना शोधायला नाटकवाल्यांच्या ओळखीनं तीन आठवडे लागले. आता मुलाच्या सुतारकामाच्या दुकानात बसतात. त्यांनी फोटो उलटा-सुलटा केला आणि रंगमंचाच्या एका फळीवर नख ठेवलं. तिथं एक बारीक पांढरी रेघ होती. मी ती छपाईतला दोष समजले होते.

"माझा खडू," ते म्हणाले. "टेबल कुठं ठेवायचं त्याची खूण. प्रयोग झाला की पुसायची. त्या दिवशी पुसायच्या आधी तुम्ही काढलासा."

प्रदर्शनाच्या छपाईत ती रेघ हरवू नये म्हणून मी छापखान्यात तीनदा नमुना काढायला लावला.

चौदापैकी एक माणूस सापडलं नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवातला फोटो, फेब्रुवारी २०२३. नोव्हेंबरात ९, १०, ११ला आणि वर्षाच्या सुरुवातीला ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा असं करत गाभाऱ्यात देवीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरण, मग कंबर-छाती, मग मुख. ढग, धूळ, हवेतला दमटपणा, वाटेतल्या इमारती, यातलं काहीही आडवं येऊ शकतं, म्हणून त्या काही मिनिटांत सगळं गाव श्वास धरून असतं. देवळात कॅमेरा चालत नाही. मी महाद्वार रोडवर, बाहेर उभी होते. खरेदीची पिशवी हातात असलेली एक बाई त्या उजेडाच्या पट्ट्यात येऊन थांबली, पायातल्या चपला काढल्या, आणि रस्त्यातच डोळे मिटले. सगळा चेहरा सोनेरी. माझ्या चोवीस फोटोंत तो सगळ्यांत सुंदर होता, हे मी खात्रीनं सांगते.

फूलवाल्यांना विचारलं, ओटीवाल्यांना विचारलं, बांगड्यांच्या दुकानांत विचारलं. २०२५च्या नोव्हेंबरातल्या तिन्ही संध्याकाळी पाकीट घेऊन त्याच जागी उभी राहिले आणि येणारे चेहरे बघत होते. ती आली नाही. मैत्रीण म्हणाली, "लाव की गं, कोण काय म्हणतंय? किती चांगला दिसतोय." पण बाकी तेरा जणांनी मला जे दाखवलं, त्यानंतर मला ते जमेना. तिनं तो फोटो पाहिला असता तर तिचं बोट कशावर थांबलं असतं, मला माहीत नाही. कदाचित हातातल्या पिशवीवर. कदाचित ती म्हणाली असती की नको, त्या दिवशी मी घरात न सांगता आले होते. तो फोटो पाकिटातच आहे. प्रदर्शन तेवीस फोटोंचं झालं.

तीन दिवस माणसं येत राहिली. वस्ताद पाच पोरं घेऊन आले. सुभाषनगरच्या काकू आपल्या हातांसमोर जावेला घेऊन उभ्या राहिल्या, आणि निघताना नेहमीच्या कोल्हापुरी बायकांसारख्या म्हणाल्या, "चला, येतो आम्ही." कुंभार गल्लीच्या वहिनी दुपारी, गर्दी नसताना येऊन गेल्या. वहीत त्यांनी काही लिहिलं नाही. आमचे संस्थेतले सहकारी, शाळेतले चित्रकलेचे सर, रस्त्यानं जाताना बोर्ड पाहून शिरलेले लोक. काहींनी चांगल्या सूचना केल्या, दोघांनी संध्यामठाचा फोटो विकत मागितला. तेवढं पुरे.

शेवटच्या दिवशी रात्री आठला फोटो उतरवायला सुरुवात केली. निम्मे उतरले असतील तेवढ्यात जिन्यावर पायांचा आवाज आला. गंगावेशीतले गवळी. कट्ट्यावरचं उरकून आले होते, अंगाला दुधाचा वास.

"संपलं व्हय?"

"या की. तुमचा अजून भिंतीवर आहे."

सोळा बाय चोवीस इंचाच्या त्या फोटोसमोर ते उभे राहिले. या आकारात म्हशीच्या डोळ्यातली मोटारसायकलही दिसत होती. ते पाठीमागं हात बांधून बघत राहिले आणि मी त्यांना बघू दिलं. मग फोटो भिंतीवरून काढला आणि त्यांच्या हातात दिला. नको-नको म्हणाले, किंमत विचारली. मी त्या दुधाच्या पेल्याची आठवण करून दिली.

खाली दसरा चौकात त्यांची गाडी उभी होती, दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या. मी बबल रॅप गुंडाळायला लागले, त्यांनी थांबवलं. मागच्या सीटवर फोटो उभा टेकवला आणि किटल्यांच्या दोरीनं आवळायला लागले. मी म्हटलं, तोंड आतल्या बाजूला करून बांधा, वाऱ्यानं, धुळीनं खराब होईल.

"न्हाई ताई," ते गाठ मारत म्हणाले, "दिसू द्या की तिला रस्ता."

गाडी सुरू झाली. मोरपिसं बांधलेली, पुढचे पाय हवेत घेतलेली हरणी त्यांच्या पाठीमागून गंगावेशीकडं निघाली.